विचारा की! : एसीपी गेले, आजीनं अंघोळ केली

एप्रिलपासून टपालात आणि फोनवर एकच विषय येऊन पडलाय, सीआयडी या हिंदी सिरीयलमधला एसीपी प्रद्युमन मेला तो एपिसोड. मागच्या दोन अंकांत मी ही पत्रं बाजूला ठेवली, म्हटलं आंबे, दहावीचे निकाल, पाऊस यांच्यापुढं सिरीयलचं काय एवढं, पण पत्रं थांबेनात आणि मधल्या मधे एसीपी परत पण आले, म्हणून आता एकदाच सगळं उरकतो. ज्यांनी बघितलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एप्रिल २०२५ च्या सुरुवातीच्या भागात बार्बोझा नावाच्या व्हिलननं बॉम्ब उडवला, त्यात एसीपी गेले, त्यांच्या खुर्चीत एसीपी आयुष्मान म्हणून पार्थ समथान बसला, लोकांनी इंटरनेटवर दंगा केला, आणि थोड्याच आठवड्यांत एसीपींचं काम करणारे शिवाजी साटम पुन्हा हात हवेत फिरवत हजर. मी कोण सांगणारा असं विचारणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की मी वीस वर्षं बेळगावात क्राईमच्या बातम्या केल्यात, पोलीस स्टेशनच्या बाकावर जितका बसलोय तितका घरच्या सोफ्यावर बसलेलो नाही.

प्रश्न: मामा, आमच्या आजीचं वय ८४. गल्लीतल्या पोरांनी ग्रुपवर एसीपींचा फोटो टाकला, खाली समई, त्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आजीनं माझा मोबाईल बघितला, म्हणाली साटम गेला काय रे, आणि उठून थेट अंघोळीला गेली, डोक्यावरून, रात्री साडेदहाला. मी सांगुलालो की आजी सिरीयलमधले गेले, खरे नाही गेले, तर म्हणते मग फोटोला समई कशाला लावलीस. चॅनलवाल्यांनी असं करायचं असतं काय? (नातू, शहापूर)

उत्तर: आजीचं शंभर टक्के बरोबर आहे. आपल्याकडं माणूस गेल्याचं कळतं कसं? चौकातल्या बोर्डावरून. फोटो, खाली नाव, नावाखाली दोन तारखा. बाकीचा मजकूर कोणी वाचत नाही, फोटो बघितला की हात आपोआप छातीकडं जातो. आणि चॅनलनं नेमकं तेच केलं, स्वतःच्या पानावर एसीपींचा फोटो, 'एका पर्वाचा शेवट' अशा अर्थाची ओळ आणि नावापुढं १९९८ ते २०२५. आता एसीपी प्रद्युमन हा माणूस नाही हे तुम्हाला मला कळतं, पण फोटोतला चेहरा तर खऱ्या माणसाचा आहे की ओ, आणि त्या खऱ्या माणसाला त्याच एप्रिल महिन्यात ७५ वर्षं पुरी झाली. म्हणजे घरात पंचाहत्तरीचा केक आणि मोबाईलवर श्रद्धांजली. साटम तेव्हा सुट्टीवर होते, आणि पेपरवाल्यांनी विचारल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की आपला ट्रॅक संपलाय की नाही हे आपल्याला कोणी कळवलेलंच नाही. ज्याच्या नावानं महाराष्ट्रापासून आपल्या सीमाभागापर्यंत लोक रडलेत त्यालाच माहीत नाही.

गोष्टीत कोणालाही मारा, त्याला माझी ना नाही, पोलिसांच्या गोष्टीत पोलीस मरणारच. पण मरणाची बातमी आणि गोष्टीची जाहिरात यांचा कागद एकच वापरायचा नाही, एवढं साधं आहे. आपलीही पोरं काही कमी नाहीत म्हणा. माझ्या ओळखीचा एक फ्लेक्सवाला आहे, त्याच्याकडं चार पोरं आली, म्हणाली चार बाय सहाचा बोर्ड पाहिजे, एसीपी प्रद्युमन यांना श्रद्धांजली. त्यानं पेन काढला आणि सवयीनं विचारलं, शोकाकुल म्हणून कोणाची नावं टाकू? पोरं म्हणाली, 'दया, अभिजित आणि समस्त गल्ली'. त्यानं छापला नाही, म्हणाला उद्या खरंच काही झालं तर हाच बोर्ड परत टांगतील.

आजीला माझा नमस्कार सांगा. आणि रात्री साडेदहाला डोक्यावरून अंघोळ या वयात नको, त्याच्यापेक्षा फोन तिच्या हातात नको.

प्रश्न: लोकांनी आरडाओरडा केला म्हणून एसीपी परत आले की आधीच ठरलेलं होतं? आमच्या दुकानात शंभर रुपयांची पैज लागलीय. (तंबाखू व्यापारी, निपाणी)

उत्तर: पैज मोडा आणि त्या शंभरात सगळ्यांनी चहा प्या. पार्थ समथाननं जाताना स्वतःच सांगितलं की त्याचं काम मोजक्याच भागांचं होतं, म्हणजे खुर्ची मोकळी होणार हे चॅनलला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण दुसऱ्या बाजूला लोकांच्या रागाला किंमत नसते असं पण नाही. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' मधला मिहिर गेला तेव्हाचं आठवतं का? आमच्या वाड्यात तीन दिवस बायका एकमेकींशी हळू आवाजात बोलत होत्या, आणि मिहिर परत आला तेव्हा त्याची स्मृती गेलेली होती तरी कोणाची तक्रार नव्हती, आला ना, बास. तेव्हापासून टीव्हीवाल्यांना एक गोष्ट पक्की कळलीय की माणूस मारला की बोंब होते आणि परत आणला की दुप्पट होते, आणि दोन्ही वेळा जाहिरातीचा वेळ विकला जातो. रागाचं पण रेटिंग होतं. म्हणून माझं मत विचाराल तर दोन्ही पार्ट्या अर्ध्या अर्ध्या जिंकल्या.

बिचाऱ्या समथानचं मात्र मला वाईट वाटलं. सीआयडी सुरू झालं २१ जानेवारी १९९८ ला, तेव्हा तो पहिली दुसरीत असेल, आणि त्याला लोकांनी असं झोडपलं की जणू बॉम्ब त्यानंच ठेवलेला. शाळेत आवडते हेडमास्तर रिटायर झाले की नवीन माणसाला पोरं पहिले सहा महिने जी वागणूक देतात ना, तसली.

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या ग्रुपात मराठी कानडी दोन्ही पोरं आहेत. एसीपी मेले त्या रात्री सगळे एकत्र रडले आणि दुसऱ्या दिवशी भांडण सुरू झालं, कानडी मित्र म्हणाला एसीपी तुमचा गेला, दया तर आमचा आहे, तो आहे अजून. दया नेमका कुणाचा? (बी.कॉम., चिकोडी)

उत्तर: कानडी मित्र निम्मा बरोबर आहे. दयाचं काम करणारा दयानंद शेट्टी मूळचा किनारी कर्नाटकातला, उडुपीकडचा, घरची भाषा तुळू. म्हणजे कर्नाटकाचा म्हणा हवं तर, पण कानडी म्हटलं तर तुळू लोक रागावतील. वाढला मुंबईत, आधी मैदानावर थाळीफेक करायचा, म्हणून तर ते खांदे. आणि साटम मराठी, बँकेतली नोकरी करून नाटकात आलेला माणूस. सीआयडी करणाऱ्या बी. पी. सिंगनीच त्याच्या आधी दूरदर्शनवर मराठीत 'एक शून्य शून्य' केली होती, त्यात पण साटम होते, आमच्या पिढीला ते तिथून माहीत.

बाकी तुमच्या भांडणाबद्दल काय सांगू, भाषेवरून वातावरण तापलं की कोगनोळी नाक्यावर इकडच्या एसट्या इकडं आणि तिकडच्या तिकडं थांबतात, पण सीआयडी लागलं की दोन्हीकडच्या घरात 'दया, दरवाजा तोड दो' हिंदीतच ऐकू येतं. तुम्ही एकत्र रडलात ते बरं केलंत.

प्रश्न: मी उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे. शेडची किल्ली हरवली म्हणून मी एकदा दयासारखी दाराला लाथ घातली, आठ दिवस लंगडत होतो, सुपरवायझरनं वर पगार कापला. खरे पोलीस असं दार तोडू शकतात काय? (लंगडा दया, बेळगाव)

उत्तर: आधी दाराचं बोलू, मग कायद्याचं. सेटवरचं दार प्लायवूडचं, हलकं, कडी नावापुरती, ते पडायलाच उभं केलेलं असतं. तुमच्या शेडचं दार पत्र्याचं आणि अँगलचं, त्याला लाथ घातली तर दार तसंच राहतं आणि माणूस मोडतो. आणि जुन्या गल्ल्यांतलं सागवानी दार तर विचारूच नका.

मी बघितलेला एकच प्रसंग सांगतो. एका जुन्या गल्लीत एक घर तीन दिवस बंद, आतून वास, शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन केला. म्हातारे एकटेच राहायचे. हवालदार आला, त्यानं आधी कडी वाजवली, मग कानडीत हाक मारली, 'बागिला तेगीरी, पोलीस', म्हणजे दार उघडा, मग मराठीत, मग परत कानडीत, जणू आतल्या माणसाला भाषेची अडचण आहे. मग खांदा लावून बघितला, आणि खांदा चोळत मागं आला. शेवटी सुतार बोलावला, पहार आणली, चौघांनी मिळून पाऊण तास घातला तेव्हा खालची फळी निघाली, वरचा अडसर हललापण नाही. तोवर गल्ली भरलेली, कोणीतरी हार पण आणून ठेवलेला. आणि एवढ्यात मागून कोण येतंय तर म्हातारेच, हातात पिशवी, खानापूरला लेकीकडं गेलेले, म्हणाले किल्ली माझ्याकडं आहे की ओ. आत घूस मेलेली. हवालदारानं तरी पंचनामा केलाच, मी शेजारी उभा राहून वाचला: 'एक दरवाजा, सागवानी, जुना, खालची फळी तुटलेली.' तो हार कोणी परत नेला ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली तिचं कलम ४४ बघा, जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, हेच ४७ होतं. ज्याला अटक करायचीय तो आत आहे असं पोलिसाला सबळ कारणानं वाटत असेल, त्यानं आपण कोण आणि कशासाठी आलोय हे सांगितलं, आत येऊ द्या म्हणून मागणी केली आणि तरी दार उघडलं नाही, तर तो दार तोडू शकतो. आत परंपरेनं पडद्यात राहणारी बाई असेल तर तिला बाहेर पडायला आधी वेळ द्यायचा. म्हणजे खरा दया आधी पाच मिनिटं दाराशी बोलत बसला असता, आणि तोवर खुनी मागच्या दारानं गेला असता, म्हणून सिरीयलमधे ते दाखवत नाहीत. तुमचा कापलेला पगार या कलमात बसत नाही.

प्रश्न: मी पीएसआय परीक्षेची तयारी करतोय. सीआयडीत एसीपी अशी पोस्ट खरंच असते काय? (खानापूर)

उत्तर: एसीपी म्हणजे असिस्टंट कमिशनर, आणि ते पद जिथं पोलीस आयुक्तालय आहे तिथंच. बेळगाव शहरात आयुक्तालय आहे म्हणून शहरात एसीपी भेटतील, तुमच्या खानापूर बाजूला त्याच दर्जाच्या साहेबाला डीवायएसपी म्हणतात. कर्नाटकाच्या सीआयडीचं मुख्य ऑफिस बेंगळूरात, महाराष्ट्राच्या सीआयडीचं पुण्यात, ती राज्य पोलिसांची तपास शाखा, मोठ्या आणि किचकट केसेस तिच्याकडं सोपवल्या जातात, गल्लीत मुडदा सापडला की पाच मिनिटांत काळी गाडी येत नाही, आधी लोकल स्टेशनचा पीएसआयच येतो, बहुतेक वेळा न जेवलेला. पण सिरीयलवाल्यांनी नाव अगदीच हवेतून उचललेलं नाही, मुंबईच्या क्राईम ब्रँचच्या कागदांवर अजून 'डीसीबी सीआयडी' असंच असतं. परीक्षेत मात्र हे लिहू नका, विचारलंय तेवढंच लिहा.

प्रश्न: सीआयडीतले लॅबवाले डॉ. साळुंखे नळीत लाल पाणी घालून दोन मिनिटांत सांगतात विष कोणतं. मी बी.एस्सी.ला आहे आणि आमचं प्रॅक्टिकल दोन तासांत पण जमत नाही. खरं किती वेळ लागतो? (टिळकवाडी)

उत्तर: पहिली गोष्ट, एकच माणूस सगळं करत नाही. मुडदा उघडणारा डॉक्टर वेगळा आणि विष शोधणारा केमिस्ट वेगळा, दोघं बहुतेक एकमेकांना ओळखत पण नाहीत. पोस्टमॉर्टेममधे डॉक्टरला विषाचा संशय आला की तो रिपोर्टात लिहितो 'व्हिसेरा राखून ठेवला'. म्हणजे जठर आतल्या ऐवजासकट, लहान आतड्याचा थोडा भाग, लिव्हरचा तुकडा, किडनी, हे रुंद तोंडाच्या बरण्यांत मिठाच्या कडक पाण्यात ठेवतात. मीठ एवढं की तळाला तसंच बसलं पाहिजे. फॉर्मेलिन त्यात चालत नाही, त्यानं विषाची तपासणी बिघडते. रक्त वेगळ्या बाटलीत. मग बरणीवर कापड, कापडावर दोरा, दोऱ्यावर लाख, लाखेवर शिक्का, आणि हे सगळं घेऊन कोण जातो, तर एक कॉन्स्टेबल.

असा एक कॉन्स्टेबल मला तालुक्याच्या बसमधे भेटला होता. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत बरणी, तोंडाला पांढरं कापड, लाल लाख. शेजारच्या मावशीनं विचारलं, लोणचं नेतोस काय बाळ? तो म्हणाला होय मावशी. कैरीचं काय लिंबाचं? तो खिडकीबाहेर बघत बसला. मला माहीत होतं त्यात काय आहे, आणि तेव्हापासून बसमधे कोणाच्या मांडीवर बरणी दिसली की मी उभ्यानं जातो.

बेळगावात विभागीय न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे, तरी रिपोर्टाला आठवडे, कधी महिने लागतात, कारण रांगेत तुमची एकच बरणी नसते. मृत्यूची वेळ पण साळुंखे सांगतात तशी 'रात्री ठीक ११ वाजून २० मिनिटांनी' नसते. शरीर ताठ व्हायला साधारण दोन तीन तासांनी सुरुवात होते, पापण्या, जबडा, मान असं वरनं खाली, बारा तासांच्या आसपास पूर्ण ताठ, पुढं तसंच राहून मग परत सैल, आणि आपल्या एप्रिल मेच्या उन्हात हे सगळं लवकर उरकतं. म्हणून शहाणा डॉक्टर 'इतक्या ते इतक्या तासांपूर्वी' असंच लिहितो.

नव्या संहितेत कलम १७६ खाली सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर जायचं असं ठरवलंय, राज्यांना त्याची सोय करायला मुदत दिलीय. म्हणजे साळुंखेंसारखा माणूस लॅबच्या बाहेर दिसायला लागेल. तुमचं प्रॅक्टिकल दोन तासांत होत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, ज्याचं दोन मिनिटांत होतं त्याच्यावर मी विश्वास ठेवला नसता. (आणि साळुंखे हे आडनाव आपलं असलं तरी काम करणारे नरेंद्र गुप्ता, हे आमच्या घरी अजून पटलेलं नाही.)

प्रश्न: मी रोज पोराला मांडीवर घेऊन बघतो. एसीपीनी थप्पड घातली की खुनी कबूल करतोय आणि 'फांसी होगी' म्हणतात. पोरगं आता शाळेत पण थप्पड घालून कबूल करून घ्यायलंय. काय सांगू त्याला? (आई, कंग्राळी)

उत्तर: ताई, त्याला सांगा की पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. आधी एव्हिडन्स अॅक्टचं कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं २३. कबूल करायचंच असेल तर मॅजिस्ट्रेटपुढं, आणि तेही आधी सांगून की बाबा तुझ्यावर सक्ती नाही, हे तुझ्याच विरुद्ध वापरलं जाईल. फाशी द्यायची का नाही हे सेशन्स कोर्ट ठरवतं आणि हायकोर्टानं कायम केल्याशिवाय ती लागू होत नाही. हिंडलग्याच्या जेलमधे फाशीचा तख्त आहे, पण तिथली किल्ली कुठल्या एसीपीच्या खिशात नसते. आणि एवढं ऐकूनही त्यानं थप्पड घातली तर टीव्हीचा रिमोट आठ दिवस कपाटात ठेवा.

प्रश्न: काका, सगळे एसीपीसाठी रडले, मला काहीच वाटलं नाही. मला परत सुरू झालेल्या सीआयडीत फ्रेड्रिक्स नाही याचंच वाईट वाटतं. माझं काही चुकतंय काय? (वडगाव)

उत्तर: काही चुकत नाही. फ्रेड्रिक्सचं काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मधे गेले, अवघे सत्तावन्नचे होते, आणि सीआयडी परत आलं ते त्याच्यानंतर वर्षभरानं, २१ डिसेंबर २०२४ ला. मी पण पहिला भाग लावला तेव्हा ब्यूरोत कोण कोण उभं आहे ते मोजत होतो, आणि मधेच लक्षात आलं की मी एका माणसाची वाट बघतोय जो भुताला घाबरतो, बायकोला घाबरतो आणि चुकीच्या वेळी चुकीचा जोक मारतो. एसीपी मेले तेव्हा मी चहा करायला उठलो होतो, खरं सांगतो. आमच्या घरात कोणी म्हणालंच नाही की काय झालं बघ, सगळ्यांना ठाऊक होतं पुढं काय होणार. फ्रेडीच्या वेळी मात्र सकाळी बायकोनं पेपर पुढं सरकवला, काही न बोलता, बातमीवर बोट ठेवून, आणि मग आम्ही दोघं मिळून जुना कुठला भाग चांगला होता ते आठवत बसलो, तिला भुतांच्या हवेलीचा आठवला आणि मला तोच, पण शेवट दोघांना वेगवेगळा.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पंधरा तारखेच्या आत पाठवा. लिहून पाठवा, व्हॉट्सअॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवू नका, मला एका कानानं कमी ऐकू येतं आणि मागं तुमच्या घरचा मिक्सर चालू असतो.